सामरखेड्याच्या होडीचा प्रश्न

पितांबर पाटील संशयी होता, हे त्याच्या तोंडावर सांगायची सामरखेड्यात कुणाची छाती नव्हती. पण माहीत सगळ्यांना होतं. पोस्टकार्ड आलं तरी हा बाबा आधी ते उलटं करून पाही, मग शिक्का पाही, आणि मग मजकूर. तीस वर्षं पोलीस पाटीलकी केली, चोऱ्यामाऱ्यांचे पंचनामे केले, माणूस दुसरा कसा होणार? मुलकी पाटीलकी सरकारनं त्रेसष्ट सालच्या सुरुवातीलाच काढून घेतली होती. उरली होती ती एवढी पोलीस पाटीलकी. तिच्यावर चुलतभाऊ प्रेमचंद डोळा ठेवून बसलेला. म्हणजे पाटलाचा जीव कशात अडकला होता, ते निराळं सांगायला नको.

अशा माणसाच्या हातात त्याच साली दिवाळीच्या तोंडावर मामलेदार कचेरीच्या शिपायानं एक कागद ठेवला. वर तांबडी पट्टी. 'विधानसभा प्रश्न. अत्यंत तातडीचे. उत्तर याच शिपायाबरोबर पाठवावे.'

पाटलानं ओट्यावर बसून कागद आधी उलटा केला, मग वाचला.

'हे खरे आहे काय की, मौजे सामरखेडे येथे सन १९६१च्या पावसाळ्यात तापी नदीस पूर असता, होडी नसल्यामुळे पलीकडील दवाखान्यात वेळेवर नेता न आल्याने तीन माणसे मयत झाली, व त्यांपैकी सर्पदंश झालेली एक विधवा स्त्री दोन तास नदीकाठी धुण्याच्या दगडावर पडून होती?'

धुण्याचा दगड! मुंबईत बसलेल्या आमदाराला सामरखेड्याचा धुण्याचा दगड कुठून ठाऊक?

ती विधवा म्हणजे धनुबाई, पाटलाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पितांबर चार वर्षांचा होता. धनुबाईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. पुढं नवरा वारला तशी ती भावाच्या घरी आली ती कायमची. एकसष्टच्या श्रावणात कपाशीची निंदणी चालली असताना तिला पान लागलं, साप चावला. बाजेवर घालून तिला काठावर आणली. दवाखाना समोर दिसत होता, अगदी त्याची कौलं मोजता यावीत इतका. पण मधे तापी फुगलेली. गावाला होडी नाही. पलीकडच्या करमसिंग नावाड्याचा डोंगा त्या काठाला बांधलेला, आणि त्या पुरात तो डोंगा कोण सोडणार? दोन तास हाका मारल्या. धनुबाई दगडावर पडून होती, डोकं भावजयीच्या मांडीवर.

"पितू, तीस लागनी रे. पानी दे," एवढंच ती शेवटी म्हणाली. समोर एवढं पाणी, आणि त्यातलंच ओंजळभर पाटलानं तिच्या तोंडात घातलं.

काठावर तेव्हा चार माणसं होती. पाटील स्वतः, त्याची बायको कौसाबाई, सालदार बाज्या, आणि शाळेचे सुकलाल मास्तर. मास्तरनं तर हाका मारमारून घसा फोडून घेतला होता. पुढं आठ दिवस शाळेत खडू हातात धरून खुणा करत होता बिचारा.

आता खरी अडचण पुढं आहे. गावची जन्ममृत्यूची नोंदवही पाटलाकडं. साप चावून मेलं असं लिहिलं, की फौजदाराला वर्दी द्यायची, पंचनामा व्हायचा, आणि प्रेत चिरायला त्याच पुरातून त्याच दवाखान्यात न्यायचं. जिवंतपणी जिला नेता आलं नाही तिला मेल्यावर न्यायची, तीही फाडायला! पाटलाचं डोकं फिरलं. "मन्ही बहीनले कोनी हात लावाना नही," असं म्हणून त्यानं कारणाच्या रकान्यात लिहिलं, ताप. एरवीही सामरखेड्यातलं निम्मं गाव त्या वहीत तापानंच मेलेलं होतं. त्या पावसाळ्यातली दुसरी दोन माणसंही तशीच लिहिली गेली.

सोबत एक पंचांचा कागद लागत होता, मरणाबद्दल संशय नसल्याचा. तिरडी बांधून तयार होती, मजकूर लिहायला वेळ नव्हता. मास्तरनं कोऱ्या कागदाच्या तळाशी सही केली. "नाना, वरतं काय लिखनं ते लिखी ल्या मंग," म्हणाला; पाटलाला तो नाना म्हणे. वास्तविक नवा नवा गावात आला तेव्हा पाटलानंच त्याला शिकवलं होतं: मास्तर, सहीच्या वर कोरी जागा दिसली की आडवी रेघ मारायची, कुणी मागाहून चार ओळी घुसडल्या की माणूस गेला कामातून. मास्तर सगळीकडं रेघ मारायचा. पाटलाच्या कागदावर मात्र त्यानं कधी मारली नाही.

ही हकीकत चौघांत राहिली होती. आणि आता ती तांबड्या पट्टीखाली परत आली होती. खोटी नोंद उघडी पडली तर पाटीलकी जाणार, प्रेमचंद दुसऱ्या दिवशी फेटा बांधून ओट्यावर हजर.

"पाटील, बेगीन करा, शेवटली मोटर चुकी जाई," शिपाई चहा भुरकत म्हणाला.

पाटलानं वही उघडली. धनुबाईच्या ओळीवरून बोट फिरवताना ते जरा अडखळलं, नाही असं नाही. मग त्यानं ठसठशीत अक्षरात लिहून दिलं: 'हे खरे नाही. नोंदवहीप्रमाणे तिन्ही इसम तापाने मयत.' सही, शिक्का. शिपाई गेला. पाटलाला वाटलं, सुटलो.

पण सुटतो कसला! रात्रंदिवस एकच भुंगा: कागद कुणी केला?

तोंडानं तर गावात सगळेच होडीबद्दल बोलत. बासष्टच्या निवडणुकीआधी, संक्रांतीच्या सुमाराला, जीपगाडीतून उमेदवार आला होता, तेव्हा पाटलानं स्वतः त्याला काठावर नेलं होतं. होडी मागता मागता पाटलाला रडूही कोसळलं होतं. मागं कुणी एक चष्मेवाला गृहस्थ उभा होता, तो काय करत होता इकडं पाटलाचं ध्यान नव्हतं. उमेदवारानं ऐकलं, मान हलवली, हुरडा खाल्ला आणि निघून गेला. तो निवडून आला, पण गावानं काही आशा धरली नव्हती. पाटलाच्या लेखी ते नुसतं बोलणं. बोलण्याला ना तारीख, ना शिक्का, ना सही. तीस वर्षांत सरकार बोलण्यावर हललेलं त्यानं पाहिलं नव्हतं. सरकार हलतं कागदानं. तेव्हा कुणीतरी कागद केलाय, आणि तो चौघांतल्याच कुणीतरी केलाय, ही गाठ त्यानं मनाशी पक्की बांधली.

आधी बाज्याला गोठ्यात गाठलं.

"खरं सांग बाज्या, तू कोनले काय सांगं?"

"मालक, मी काय सांगसू? माले आंगठा करता येस, बस." बाज्यानं शेणानं भरलेला अंगठा दाखवला. पाटलानं तो अंगठाही नीट निरखून पाहिला, आता बोला!

कौसाबाईवर संशय घ्यायची त्याची हिंमत नव्हती. तरी एकदा जेवताजेवता विचारलंच, माहेरी काही बोललीस का? कौसाबाईनं भाकरी थापता थापता त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं मान खाली घालून निमूट जेवण आटोपलं.

राहिला मास्तर. लिहिता येणारा. अर्ज कसा करायचा, कुणाला करायचा, सगळं ठाऊक असणारा. आणि त्याला शिकवलं कुणी? आपणच! पाटलाला आपल्या शहाणपणाचा राग आला.

"मास्तरनी सही शे ना त्या पंचना कागदवर?" कौसाबाई म्हणाली. "मंग तो सोताले कसाले बुडाडी? जराक इचार करा."

"सही कोऱ्या कागदवर करी व्हती. तो म्हनी, वरतं पाटीलनी काय लिखं माले काय माहीत! तो सुटी, मी बुडसू." संशयी माणसाला उत्तर शोधावं लागत नाही, ते त्याच्याजवळ आधीच असतं.

मग त्यानं आपल्या मते मोठी हुशारी केली. कचेरीतून आलेला प्रश्नाचा कागद त्यानं जपून ठेवला होता. शाळेच्या कौलांसाठी अर्ज हवा म्हणून मास्तरकडून एक अर्ज लिहून घेतला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दुपारभर ओट्यावर बसला. तोच उभा काना. तीच तिरकी वेलांटी. तस्सं! पाटील मांडीवर थाप मारून उठला. अहो, तो प्रश्नाचा कागद कचेरीतल्या कुठल्याशा कारकुनानं नकलून काढलेला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ज्यानं जन्मभर कागद तपासले त्याला कळलं नाही. त्याला हवं होतं तेच त्याला दिसलं.

संध्याकाळी तो शाळेत गेला. मास्तर फळा पुसत होता.

"हाई कोनं अक्षर शे?"

मास्तरनं प्रश्न वाचला. दगडाशी आल्यावर तो थांबला, त्याचे डोळे भरून आले. "कोनी भला मानूसनी इच्यारं शे, नाना. आते तरी होडी ई."

"भला मानूस! तुम्हीच लिखं हाई."

मास्तर आधी हसला. मग पाटलाचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "नाना, मी लिखं अस्तं ते तुम्हले दखाडीसन लिखं अस्तं. तुम्ही काय उत्तर दिधं?"

"खरं नही म्हनीसन लिखी दिधं."

मास्तर मटकन बाकावर बसला. पाटलाला वाटलं, चोर सापडला. घाबरला म्हणून बसला. तो माणूस होडी बुडाली म्हणून बसलाय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरच्या घरी जाणारं दूध बंद झालं. आठवड्याच्या आत जिल्हा परिषदेकडं तक्रार गेली: सदर शिक्षक शाळा सोडून राजकारण करतात, गावात दुही माजवतात. सही, शिक्का. अशा कामाला सरकार कसं तत्पर असतं बघा! पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. तोरणमाळच्या वाटेवरचा पाडा, जिथं जायला कुणी मागत नाही. मास्तरची बायको वत्सलाबाई निरोप घ्यायला आली तेव्हा पाटील मागच्या दारानं शेतात निघून गेला. कौसाबाईनं तिची ओटी भरली, आणि दोघी कितीतरी वेळ रडत बसल्या. बाज्या बैलगाडीनं त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आला.

जानेवारीत नागपूरहून लखोटा आला. वर आमदाराचं नाव. पाटलानं सवयीप्रमाणं तो उलटा केला, शिक्का पाहिला, मग फोडला. आत एक छापील पान होतं. विधानसभेतले प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरं. सामरखेड्याच्या प्रश्नाखाली शाईनं खूण केलेली.

पहिला भाग त्याच्या ओळखीचा होता. उत्तरही त्याच्याच अक्षरातून छापखान्यात गेलेलं: 'हे खरे नाही. तिन्ही इसम तापाने मयत.' पण खाली आणखी एक भाग होता, जो कचेरीच्या कारकुनानं नकलून धाडलाच नव्हता, कारण त्याची माहिती गावाकडून लागत नव्हती.

'(२) असल्यास, सदर गावास येत्या पावसाळ्यापूर्वी सरकारी होडी व नावाडी देण्याबाबत शासन काय करणार आहे?'

समोर उत्तर: 'प्रश्न उद्भवत नाही.'

सोबत आमदाराचं हातचं पत्र. 'श्री. पितांबर पाटील यांस. आपण नदीकाठी माझा हात धरून, रडत, जे सांगितलेत, ते माझ्या चिटणिसांनी तिथेच शब्दन् शब्द टिपून घेतले होते. सभागृहात संधी मिळण्यास उशीर झाला, पण विसरलो नव्हतो. उत्तर आपल्याच सहीच्या माहितीवरून दिले गेले, असे सचिवालयातून समजले. आपण तेव्हा खोटे बोललात की आता, एवढे कृपया कळवावे.'

पाटलानं पत्र दोनदा वाचलं. चोर सापडला होता. दगड कुणी सांगितला, दोन तास कुणी सांगितले? ह्यानंच! स्वतःच्या तोंडानं होडी मागितली, आणि ती दारात आली तेव्हा स्वतःच्या हातानं परत धाडली. आणि त्या भरात ज्या माणसानं धनुबाईसाठी घसा फोडला होता, त्याला डोंगरात हाकलून दिलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की फेटा काढून तो भिंतीकडं तोंड करून बसला.

कौसाबाईनं विचारलं, "काय लिखेल शे?"

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"धनुअक्कानं नाव घीसन खोटं लिखं, ते मी सोसं," ती म्हणाली. "एकदाव सोसं. दुसरीदाव कसाले लिखं तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी नोंदवही फडक्यात बांधून तो निघाला. मोटारीनं शहादा, तिथून कुणाच्या तरी गाडीवर पायथ्यापर्यंत, आणि पुढं पायी चढ. पन्नाशी उलटलेला माणूस, पाड्यावर पोचला तेव्हा धाप लागून बोलवेना.

कुडाच्या खोपटात शाळा होती. दारात वत्सलाबाई उभी होती. तिनं त्याला पाहिलं, ओळखलं, आणि 'या' न म्हणता आत गेली. मास्तर बाहेर आला. वाळला होता.

"बसा, पाटीलसाहेब," तो म्हणाला.

नाना नाही. पाटीलसाहेब. आणि तेही शाळेच्या मराठीत, जसं मास्तर तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलायचा. पाटलाला ते जिव्हारी लागलं. त्यानं लखोटा पुढं केला. मास्तरनं दोन्ही कागद वाचले आणि घडी घालून परत दिले.

"मास्तर, मी चुकनू. पार चुकनू," पाटील म्हणाला. "आते आमदारले खरं लिखनं शे. साप चावना, ताप नही. होडी नव्हती म्हनीसन गयी. नोंद मी खोटी करी. तुम्ही लिखी द्या, मी सही करस."

"तुमची पाटीलकी जाईल."

"जाऊ दे. पन पावसायाना पहिले होडी येवाले पाहिजे."

मास्तरनं त्याच्याकडं नीट पाहिलं. पाटील जसा आल्या माणसाकडं पाही, तसंच. ह्याच्या मनात आता काय आहे? ह्या कागदातून माझ्यावर आणखी काय येणार? हे सगळं त्याच्या डोळ्यांत पाटलाला स्वच्छ वाचता आलं. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना असंच पाहिलं होतं, पण असं पाहिलं जाणं कसं असतं ते त्याला आज कळलं.

"अक्षर माझं नको," मास्तर म्हणाला. "तुम्हीच लिहा." आणि त्यानं दौत, टाक आणि कोरा कागद आणून पुढ्यात ठेवला.

पाटलानं लिहिलं. एकेक ओळ लिहायला त्याला वेळ लागत होता. धनुबाई, विधवा, कपाशीत निंदताना सर्पदंश. धुण्याच्या दगडावर दोन तास. होडी नव्हती. नोंदवहीत ताप असे मीच लिहिले, ते खोटे. बहीण चिरली जाऊ नये म्हणून लिहिले, आणि पुढे पाटीलकी जाऊ नये म्हणून तेच पुन्हा लिहून दिले. दुसरी दोन माणसेही होडीअभावीच गेली. मग त्यानं वही उघडली, धनुबाईच्या ओळीतला ताप खोडला, शेजारी खरं कारण लिहिलं आणि तारखेसह सही केली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"तिथं तुम्ही व्हतात," तो म्हणाला. "साक्षीदार म्हनीसन सही कराल? तुमना कोरा कागद मीच भरा, हाई बी लिखेल शे मी. तुम्हले काय व्हवाव नही."

मास्तरनं कागद घेतला. सगळा वाचला, सावकाश. उलटा करून मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली. पुन्हा वाचला. आतून वत्सलाबाईनं पाण्याचा तांब्या आणून पाटलाच्या शेजारी ठेवला आणि ती तशीच उभी राहिली.

"धनुअक्कासाठी करतो," मास्तर म्हणाला.

त्यानं टाक दौतीत बुडवला. पाटलाच्या सहीखाली चार बोटं जागा कोरी होती. तिच्यावर त्यानं डावीकडून उजवीकडं आडवी रेघ ओढली, ठळक, फट न ठेवता, आणि तिच्या खाली आपली सही केली.